नऊ इंच लांब चिमटा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची कामं नापास केली आणि निरोपाच्या दिवशी त्याबद्दल मला शाल मिळाली. हैदराबादबाहेरच्या एका मोठ्या बॉयलर कारखान्यात मी वेल्डिंग तपासनीस होतो. बरकतपुऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांना हे पद कधी नीट कळलं नाही. घराण्यात सगळे वकील आणि मास्तर. मी ‘वेल्डिंगमध्ये’ आहे म्हणजे वेल्डर असणार असं धरून कुणी कुकरचं तुटलेलं हँडल घेऊन यायचं, कुणी गच्चीच्या दाराची कडी. एका मामेभावाने तर चष्म्याची काडी आणली होती. मी प्रत्येकाला सांगायचो की मी जोडत नाही, जोडलेलं तपासतो. त्यावर ते विचारायचे, मग जोडतं कोण?

जोडणारे वेगळे होते आणि त्यांतला सगळ्यात चांगला यादगिरी. त्याच्याकडे येतोच, पण आधी काम काय असायचं ते सांगायला हवं.

वेल्डिंग म्हणजे दोन लोखंडं कडेला वितळवून एक करणं. वरून जोड सुरेख दिसतो, माशाच्या खवल्यांसारखा. पण आत हवा राहिली, मळी अडकली, किंवा लोखंड वितळून एकजीव न होता नुसतं शेजारी जाऊन बसलं, तर तो जोड एक दिवस दगा देतो. आम्ही दोन तऱ्हांनी बघायचो. एक लाल औषधाची. जोडावर लाल पातळ औषध फासायचं, थोडं थांबायचं, कापडाने स्वच्छ पुसायचं आणि वर पांढरी भुकटी फवारायची. केसाएवढी चीर असली तरी तिच्यात शिरलेलं औषध भुकटीवर उमटतं. पांढऱ्यावर लाल रेघ आली की नापास. मात्र ही तपासणी वर उघडी असलेली चीरच दाखवते. आतलं बघायला एक्स-रे लागतो. माझे वडील गणिताचे मास्तर होते, त्यामुळे लाल शाई आमच्या घरात आधीपासून होतीच. कारखान्यात मला सगळे ‘लाल रेघ साब’ म्हणत. तोंडावर फक्त साब.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला कारखान्यातल्या आठवणी लिहायला सांगितलं आहे. बॉयलरच्या आठवणी इतरांना बॉयलरसारख्याच वाटतात, हा घरातला अनुभव आहे. म्हणून निवृत्तीनंतरचं एकच काम सांगतो. ते मी स्वतःच्या हातांनी केलं.

माझी बायको नलिनी, तिचा धाकटा भाऊ मधुकर. मधू सरकारी कचेरीतून निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची बायको गेली. मूलबाळ नाही. दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये तो आठ महिने बंद टीव्हीसमोर बसून होता. नलिनी डबा पाठवायची, डबा अर्धा भरलेला परत यायचा. मग एके दिवशी भजणीवरून त्याचं डोकं ठिकाणावर आलं. काहींच्या मते फिरलं.

झालं असं की नलिनीने भाजलेली धान्यं गिरणीत पाठवली आणि पीठ आलं ते तिखट. आधी कुणाची तरी मिरची दळली होती. आमच्याकडे हे नेहमीचंच. गिरणीवाला म्हणतो, कुछ नहीं होता अम्मा. ते थालीपीठ खाताना होतं. नलिनी मधूला फोनवर हे सांगत होती आणि तो आठ महिन्यांत पहिल्यांदा मध्येच बोलला. म्हणाला, “अक्का, गिरणीच दारात आली तर?”

महिन्याभरात त्याने एक छोटी गिरणी मिळवली, तिला पाण्याच्या पंपाचं पेट्रोल इंजिन लावलं आणि हा सगळा संसार लोखंडी चौकटीवर बसवून आपल्या मोटरसायकलच्या मागे बोल्टांनी पक्का केला. मग तो बरकतपुरा, काचीगुडा, आसपासच्या मराठी घरांतून फिरू लागला. तुमच्या दारात, तुमच्या डोळ्यांदेखत, फक्त भजणी. मिरची आणली तर तो गाडी चालू करून निघून जायचा. बावीस घरं झाली. प्रत्येक घरी चहा व्हायचा, कुठे लाडू, कुठे एखाद्या आजोबांबरोबर अर्धा तास जुन्या बदल्यांच्या गप्पा. नलिनीचा डबा आता पुरा रिकामा यायचा, किंवा दुपारी मधूच फोन करून सांगायचा की आज अमक्यांकडे जेवलो. चौथ्या महिन्यात तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. नलिनीने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि बाहेर येऊन त्याला म्हणाली की कॉलर नीट कर.

अडचण वजनाची होती. गिरणी आणि इंजिन मिळून सत्तरएक किलो, आणि ते सगळं मागच्या चाकाच्याही मागे लोंबणारं. गाडी साधी, ऑफिसला जायची, आणि मधू स्वतः काडीसारखा. पुढचं चाक जमिनीला नावापुरतं टेकायचं. एका सकाळी बेगम बाजारातून हरभऱ्याच्या डाळीचं पोतं त्याने त्यावरच चढवलं आणि एका पुलाच्या चढाला गाडीने पुढचं चाक उचललं ते उचललंच. मधू मागे घरंगळत डाळीच्या पोत्यावर बसला आणि गाडी त्याच्यासमोर, हेडलाइट आकाशाकडे करून, गिरणीवर टेकून उभी राहिली. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मात्र पुलावरच्या लोकांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो बावीसही घरांत पोचला.

नलिनीने व्हिडिओ एकदाच बघितला. मधूला ती काही बोलली नाही, मला बोलली. म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षं लोखंडात काढलीत. त्याची गाडी जमिनीवर राहील असं काहीतरी करा. फिरणं बंद कर असं मी त्याला सांगणार नाही.”

उपाय मधूनेच शोधून ठेवला होता. मोटरसायकलचं मागचं चाक एका लोखंडी दुबोटीत बसलेलं असतं. तिला इंग्रजीत स्विंग आर्म म्हणतात, आमच्याकडचे मेकॅनिक चिमटा म्हणतात. चिमटा लांब केला की चाक मागे सरकतं, गिरणीचं वजन चाकाच्या मागे न राहता जवळजवळ वर येतं, आणि मग गाडी उभी राहायला बघत नाही. शर्यतीच्या गाड्यांना असं करतात. मधूचं म्हणणं होतं नऊ इंच पुरतील. मी कागदावर हिशेब मांडला. नऊ इंच बरोबर होते. त्याने तो आकडा आपल्या पंजाने वीत मोजून काढला होता, हे मला नंतर कळलं.

अशी गाडीची लांबी परवानगीशिवाय वाढवायची नसते, हे मला माहीत होतं. मधूही सरकारी माणूस, त्यालाही माहीत होतं. आम्ही दोघांनी तो विषय एकमेकांसमोर काढलाच नाही. निवृत्त माणसांची ही एक ताकद असते.

एक शहाणपण मात्र मी केलं. गाडीचा मूळ चिमटा कापू दिला नाही. भंगारबाजारातून तसाच दुसरा आणायला लावला. आता तो कापून नऊ इंच नळी घालायची, दोन बोटं म्हणून चार जोड, आणि ते चारही जोड माझ्या मेहुण्याला तोलणार. रस्त्यावरच्या वेल्डरला हे द्यायला माझं मन घेईना. मला एकच हात माहीत होता.

यादगिरीकडे जायला मला चार दिवस लागले. तो राहतो अर्ध्या तासावर.

त्याचं कारण असं. वीस-बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात वरच्या श्रेणीच्या वेल्डरची परीक्षा होती. यादगिरीने जाड पाइपाचा जोड केला. देखणा. मी लाल औषध लावलं, पुसलं, भुकटी मारली, आणि कडेला लाल रेघ आली. नापास. श्रेणी दुसऱ्याला मिळाली, यादगिरीला पुढची परीक्षा द्यायला दोन वर्षं थांबावं लागलं, आणि तोवर त्याचे शागीर्द त्याच्या वर गेले होते. आठवड्याभराने मी एक कोरा पाइप, ज्यावर जोडच नव्हता, त्याच घाईने पुसला आणि त्याच्यावरही तशीच लाल रेघ आली. घासलेल्या खरखरीत पृष्ठभागात औषध राहून गेलं होतं. त्या परीक्षेच्या दिवशी मला घरी जाणारी बस गाठायची होती. मी भरभर पुसलं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नलिनीलाही नाही.

यादगिरीने मला घरात घेतलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि चिमट्याची गोष्ट शांतपणे ऐकली. मराठी त्याला कळते, बोलतो मात्र तो आमच्या हैदराबादी हिंदीत. वयाने आम्ही एकाच वर्षाचे. गिरणीच्या भागाला त्याने मान हलवली, पुलाच्या भागाला हलवली नाही. मग म्हणाला की त्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. “डाक्टर बोले, आग नक्को देखो.”

मी उठायला लागलो. त्याने बस म्हणून हात केला.

“जोड तुम करो साब,” तो म्हणाला, “चेक मैं करतौं.”

तपासनिसाला जोडता येत नाही असं नाही, प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. पण परीक्षकाला पोहता येतं म्हणून कुणी त्याला नदीत ढकलत नाही. मी म्हणालो, माझा हात बसलेला नाही. तो म्हणाला, बसेल.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भाड्याचं वेल्डिंग मशीन आलं. पहिल्या दिवशी यादगिरी सकाळी नऊला हजर, हातात कापडी पिशवी, पिशवीत भिंग, तारेचा ब्रश, लाल औषध, भुकटी. नलिनीने त्याला जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून दिली. आग पेटली की तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि आवाज ऐकायचा. चांगल्या वेल्डिंगचा आवाज कढईत काहीतरी तळल्यासारखा एकसारखा येतो. माझा आवाज तसा येत नव्हता. भिंतीकडे बघतच तो म्हणायचा, लंबा हो गया, म्हणजे सळई फार दूर धरली, किंवा, चिपक गया, म्हणजे ती चिकटली. मी नळीचा तुकडा पुढे करायचो, तो भिंगातून बघायचा आणि खडूने लाल फुली मारायचा.

पहिल्या दिवशी आठ फुल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी त्याने एका तुकड्याला फुली मारायच्या आधी बराच वेळ घेतला, त्यावर मला फार आनंद झाला. मग त्याने फुली मारली.

मशीन चालू झालं की सगळ्या मजल्यांवरचे दिवे मंद व्हायचे. सोसायटीच्या सेक्रेटरी बाई तक्रार घेऊन खाली आल्या, तेव्हा मधूने त्यांना भजणीचं पीठ दिलं. त्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या आणि बघता बघता निकाल विचारू लागल्या. हळूहळू वरचेही विचारू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश रोज चालायला जाताना थांबायचे, फुलीचा तुकडा हातात घेऊन बघायचे आणि मला म्हणायचे, अपील करा. भाजीवाल्याने एकदा नलिनीला सांत्वन केल्यासारखं विचारलं की साहेब अजून फेलच का.

मला राग यायचा. मग अशाच चारचौघांसमोर यादगिरी कारखान्यात कसा उभा राहायचा ते आठवायचं आणि मी पुढचा तुकडा घ्यायचो. माझेच शब्द तो वापरत होता. घासा. परत. हे काय आहे. मी ते शब्द एवढ्या कोरड्या आवाजात म्हणत होतो, हे मला माहीत नव्हतं. रोज मनात यायचं की आज त्याला त्या पाइपाचं सांगावं. आणि रोज वाटायचं, आज सांगितलं तर तो समजेल की मी पास व्हायला सांगतो आहे.

मधू त्या दिवसांत आपल्या जुन्या स्कूटरवरून निरोप द्यायला बावीस घरी जायचा की गिरणी लवकरच येईल. जाताना तो नापास तुकडे घेऊन जायचा. एका घरी त्यांचा पेपरवेट झाला, एका घरी तुळशीच्या कुंडीला टेकू.

तेविसाव्या दिवशी यादगिरीने तुकडा भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला आणि खडू खिशात ठेवला. म्हणाला, “अब चिमटा लाओ.”

चिमट्याचं खरं काम लांबीचं नसतं, समांतर राहण्याचं असतं. एक बोट दुसऱ्यापेक्षा जरा जरी लांब झालं की चाक तिरकं बसतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. कारखान्यात यासाठी पक्के साचे असतात. घरात सरळ लोखंड म्हणजे माझ्या सासऱ्यांची खाट. जुन्या काळची, जाड पट्ट्यांची, अजून काटकोनात. आम्ही तिच्यावरची गादी काढून कापलेला चिमटा तिला बोल्टांनी बांधला, दोऱ्या ताणल्या, मापं घेतली. नलिनीने एवढंच विचारलं की गादी परत घालता येईल का. येईल म्हणालो. येत नाही. दोन भोकं पडली आहेत आणि बोल्टाची डोकी पाठीला लागतात.

चारही जोड मी एका सकाळी केले. यादगिरी भिंतीकडे तोंड करून ऐकत होता आणि एकदाही बोलला नाही. थंड झाल्यावर त्याने लाल औषध लावलं. मग पुसलं. एका कापडाने, मग दुसऱ्या कोऱ्या कापडाने, मग तिसऱ्या. तो घाई करत नव्हता. मी त्याच्या हाताकडे बघत होतो आणि कापडं मोजत होतो. भुकटी मारून तो पंधरा मिनिटं हातांची घडी घालून उभा राहिला. पांढरं पांढरंच राहिलं.

तरी तो म्हणाला की कारखान्यात एक्स-रे काढत होतो, एक्स-रे हवा.

मधू म्हणाला, सोपं आहे. दिलसुखनगरला माणसांचे एक्स-रे काढणारा एक तंत्रज्ञ त्याच्या ओळखीचा होता, त्याच्या आईची भजणी मधूकडे. आम्ही तिघं चिमटा चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन गेलो. दारातल्या माणसाला वाटलं लहान मूल आहे, त्याने आम्हाला रांगेत पुढे सोडलं. काउंटरवरच्या मुलीचा संगणक नाव, वय आणि लिंग भरल्याशिवाय पुढे जाईना. मधूने नाव सांगितलं चिमटाराव, वय गाडीचं सांगितलं, चौदा. तंत्रज्ञाने चिमटा टेबलावर आडवा ठेवला आणि सवयीने म्हणाला, हलू नका.

माणसाच्या हाडासाठीचं यंत्र ते, लोखंडापुढे त्याचं काय चालणार. चित्रात एक पांढराशुभ्र चिमटा आला, आत काहीच दिसत नव्हतं. पण नियमाप्रमाणे अहवाल द्यावाच लागतो. वर बसलेल्या डॉक्टरांनी दिला: फ्रॅक्चर आढळले नाही. मधूला हे वाक्य फार आवडलं. मला कळत होतं की या कागदाला काही अर्थ नाही, यादगिरीलाही कळत होतं. आम्ही दोघांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि बरं वाटून घेतलं.

गाडी जोडली. चिमटा नऊ इंच वाढला की साखळी अठरा इंच वाढवावी लागते, कारण ती जाते आणि येते. ब्रेकची सळई वाढवली. मडगार्ड आणि चाक यांच्यात वीतभर आकाश दिसायला लागलं. गाडी दाराशी उभी केली तेव्हा ती कुठे संपते हे बघायला मान वळवावी लागत होती. मधू बसला, निघाला, आणि पुढचं चाक जमिनीला असं चिकटून राहिलं की नलिनीने बोटाला गुंडाळून धरलेलं पदराचं टोक सोडलं.

वळणाचं मात्र आम्ही कुणी लक्षात घेतलं नव्हतं. ती गाडी आता गल्लीत वळत नव्हती. उलट फिरायचं तर तिला चौक लागायचा. समोरच्या फुटपाथवरच्या घरी जायला मधू काचीगुड्याला वळसा घालून यायचा. बावीस घरांचा क्रम त्याने नव्याने लावला, फक्त डावी वळणं. दोन आज्यांना आपला वार बदललेला आवडला नाही. तो खूष होता. एकोणीस दिवस तो त्या गाडीवर फिरला.

विसाव्या दिवशी एका चौकात वाहतूक पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने त्याला थांबवलं. मधूने मला फोन केला, मी यादगिरीला घेऊन गेलो. अधिकारी तरुण होते, फार सभ्य. म्हणाले, ही गाडी वळताना मी बघत होतो, दोन सिग्नल गेले. मग ते गाडीच्या पुढून मागेपर्यंत चालत गेले आणि परत आले. गाडीचे कागद बघितले, लांबी वाढवायची परवानगी विचारली. नव्हती. मधूने भलं व्हावं म्हणून एक्स-रेचा अहवाल दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि रुग्ण कुठे आहे असं विचारलं.

“हे काम कुणी केलं?” ते म्हणाले.

मी पुढे झालो. तुम्ही काय करता म्हणाले. मी सांगितलं की एकतीस वर्षं वेल्डिंग तपासायचो.

“मग हे कुणी तपासलं?”

यादगिरी पुढे झाला आणि म्हणाला, मैं. मी त्याला इतक्या ताठ उभा राहिलेला कारखान्यात कधी पाहिला नव्हता.

त्यांनी आम्हाला रागावून नाही, समजावून सांगितलं की काका, हे तुटलं तर तुमच्या मागून येणारा जातो. नियमाप्रमाणे पावती केली आणि गाडी मूळ स्थितीत आणून दाखवायला सांगितलं. मूळ चिमटा घरी होताच. दोन दिवसांत गाडी पहिल्यासारखी झाली, गिरणी मात्र तिच्यावर पुन्हा बसवायची नाही हे नलिनीने न बोलता ठरवलं आणि मधूने न बोलता ऐकलं. गिरणी आता आमच्या पार्किंगमध्ये पक्की केली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी लोक डबे घेऊन येतात, यादगिरीच्या त्या खुर्चीवर आणि आणखी चार खुर्च्यांवर बसतात. मधूला हे आवडलं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसणं निराळं. पण शर्ट इस्त्रीचा असतो, आणि बुधवारी नि शनिवारी तो स्कूटरवरून लांबच्या आजोबांना पीठ पोचवायला जातो ते संध्याकाळीच येतो.

राहिला तो लांब चिमटा. यादगिरी एका सकाळी करवत घेऊन आला. म्हणाला, आता याचा उपयोग नाही, कापून बघू. कारखान्यातही शेवटची खरी तपासणी तीच, जोड मधोमध चिरायचा आणि आत डोकवायचं. आम्ही चारही जोड चिरले. तीन भरलेले होते. चौथा, डाव्या बोटाचा मागचा, वरून सुबक होता आणि आत अर्ध्या घेरापर्यंत लोखंड नुसतं लोखंडाशेजारी बसलेलं होतं. एकजीव झालंच नव्हतं. तिथे नखाएवढी काळी पोकळी होती. तोंड बाहेर उघडं नव्हतं, म्हणून लाल औषध आत गेलंच नाही.

मी त्या पोकळीत नख घालून बघितलं. एकोणीस दिवस मधू त्याच्यावर बसून चौकाचौकांतून डावीकडे वळत होता.

यादगिरी खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, “मैं पास करा ना इसको.”

मी म्हणालो, जोड माझा, तू काय करणार. त्याने मान हलवली. तो चिमट्याकडे बघत होता आणि त्या वेळी त्याला एकट्याला तिथे बसू देणं मला जमलं नाही. मी सांगून टाकलं. परीक्षेचा पाइप, बस, घाईने पुसणं, आठवड्याने कोऱ्या पाइपावर आलेली तीच रेघ, आणि नंतरचं माझं गप्प बसणं. सांगायला मोजून दोन मिनिटं लागली.

 कापलेला तुकडा त्याने खाली ठेवला, हात कापडाला पुसले.

“मालूम है साब,” तो म्हणाला. “वो पाइप मैं उसी हफ्ते काटा था. अंदर साफ था.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीस.

“बोलता तो तुम और एक टेस्ट लेते.”

हे खरं होतं. मी घेतलीच असती, आणि त्या चिडीत तो कदाचित नापासही झाला असता, आणि मी म्हणालो असतो, बघा. मधू आतून चहा घेऊन आला, आम्हा दोघांकडे बघून कप ठेवून परत गेला.

मी घरात गेलो. वहीतला कागद काढून कारखान्याच्या अहवालाचे रकाने हाताने आखले. वेल्डरचं नाव, पाइपाची जाडी, तपासणीची पद्धत, निकाल. निकालात लिहिलं, पास. खाली सही केली, सहीखाली हुद्दा, हुद्द्यापुढे निवृत्त. त्या कागदाला जगात कुठेच किंमत नव्हती हे मला ठाऊक होतं. बाहेर येऊन त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा लावून वाचला आणि परत केला. त्याच्या नावाआधी लागणारं घराण्याच्या नावाचं पहिलं अक्षर चुकलं होतं. इतकी वर्षं मी ते चुकीचंच लिहीत आलो होतो. मी आत जाऊन दुसरा कागद केला. तोही त्याने परत दिला, पाइपाची जाडी चुकली होती, त्याला ती मिलिमीटरपर्यंत पाठ होती. तिसरा कागद मी सावकाश लिहिला, पट्टी लावून.

तिसरा त्याने खुर्ची उजेडाकडे फिरवून वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा काढून, आणि सहीवरून भिंग फिरवलं. मग घडी न घालता पिशवीत औषधाच्या डब्यापासून लांब, सरळ ठेवला.

“ये ठीक है,” तो म्हणाला, आणि चहाचा कप उचलला.